अळंब्यांची जागा

तार्तूत, जुन्या वाचनालयाच्या तळघरात, सहा सर्व्हर.
एंडेलनं त्यांना अळंब्यांची नावं दिली होती:
पुराविक, कुकेसेन, रीसिकास. उरलेली तीन
तोच जाणे.
कुकेसेनचा पंखा दमेकऱ्यासारखा वाजायचा,
आणि तो थांबला की एंडेल आपल्या घरी, झोपेत,
दचकून उठायचा, असं त्याची बायको सांगे.
निम्मं कौतुक, निम्मी तक्रार.

अकरा वर्षं. पगार नाही.
रजा नाही, कारण रजा मंजूर करायला वर कुणीच नाही.
कुठकुठल्या लहानशा वाचनालयांची नोंदवही
त्या सहा पेट्यांवर चालते;
एखाद्या गावात कुणी पोरगी पुस्तक घरी नेते
आणि तिला ठाऊक नसतं
की बोटं आखडलेला एक म्हातारा
तिच्यासाठी रात्रभर जागलाय.
नाही ठाऊक, तेच बरं.

ऑक्टोबरात त्याच्या छातीत कळ आली.
तीन दिवस तो इस्पितळात,
तीन दिवस आम्ही पासवर्डच्या उंबऱ्याबाहेर.
तेव्हा मी म्हटलं, आता माणसं जमवते.

जमवणं म्हणजे काय, ते सांगते.
पहिल्या दिवशी चाळीस हात वर होतात.
पाळ्यांचा तक्ता मांडला की नऊ उरतात.
"रात्री कोण?" विचारलं
की ज्याला त्याला आपल्याच कपात काहीतरी पडलेलं दिसतं.
रास्मुसला सगळंच बदलायचं होतं,
तेही शुक्रवारी संध्याकाळी.
त्याला आधी जुन्या नोंदी वाचायला बसवलं.
कंपालाची किराबो म्हणाली, वीज असेल तेव्हा मी आहे.
रोसारिओची नेलिदा म्हणाली, मंगळवार.
फक्त मंगळवार, बाकीचे दिवस आईचे.
तिचा मंगळवार मी दोन्ही हातांनी घेतला.

राहिल्या किल्ल्या.

आमच्याकडे माणूस शेजाऱ्याला करवत देईल, गाडी देईल,
पण रानात अळंब्या कुठे उगवतात
हे सख्ख्या मेव्हण्यालाही सांगणार नाही.
फेब्रुवारीत, एमायोगी नदी गोठलेली असताना,
एंडेल शाळकरी वही घेऊन आला.
पेन्सिलीनं लिहिलेलं, खोडलेलं, वर परत लिहिलेलं.
तो वाचत गेला, मी उतरवत गेले.
पाचव्यावर अडला.
"हा कशाला हवाय?"
मी काही बोलले नाही. कॉफीवर साय धरली.
मग त्यानं तो सांगितला, कुजबुजत,
खोलीत आम्ही दोघंच होतो तरी.

पुढच्या आठवड्यात, मध्यरात्र उलटून दोन चाळीसला,
पुराविक अडखळला.
रोसारिओत तेव्हा रात्रीचे नऊ चाळीस, मंगळवार, उकाडा.
सकाळी एंडेल बर्फ झटकत खाली उतरला
आणि नोंद वाचली:
डिस्क भरली होती. जुने लॉग हलवले.
कुणाला उठवलं नाही. नेलिदा.
त्यानं ती दोनदा वाचली.
"उठवायला हवं होतं," म्हणाला.
टोपी काढली, परत घातली.
"तिकडे आता किती वाजले असतील?"
मी बोटांवर मोजलं. पहाटेचे चार.
"झोपली असेल," तो म्हणाला,
आणि पंख्याचा आवाज ऐकत थोडा वेळ उभा राहिला,
कुणाच्या तरी घरी आल्यासारखा.

वही तो माझ्याकडेच ठेवून गेला.
शेवटच्या पानावर पेन्सिलीचा नकाशा सापडला:
रस्ता, मोडका बसथांबा, तीन झाडं, एक फुली.
सर्व्हरशी त्याचा काही संबंध नाही.
मी कुणाला दाखवलेला नाही.
अजून बर्फ आहे.
सप्टेंबरात जाऊन बघेन.